फुवांच्या पायांना झालं तरी काय?

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही जावई आहात. हसू नका, तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी होणारच आहेत. तुम्ही सासुरवाडीला आला आहात. अंगात कडक इस्त्रीचा नवा शर्ट आहे. तुम्हाला पाटावर बसवलंय आणि तुमचे दोन्ही पाय एका चकचकीत पितळी परातीत ठेवलेत. सासरे तांब्याने कोमट पाणी घालताहेत, सासूबाई पाय चोळताहेत आणि सगळं घर भोवती हात जोडून उभं आहे. इथवर छान आहे ना? आता अशी कल्पना करा, की थोड्या वेळाने त्याच पायांची आग व्हायला लागली आहे. आधी जराशी चुणचुण, मग खाज, मग तव्यावर उभं राहिल्यासारखं. पण तुम्ही जावई आहात. जावयाने आपल्या पायांशी झटापट करायची नसते. गप्प बसायचं असतं.

जमतंय का? नाही जमत? मग जावई राहू द्या, हेमांगी व्हा. ते सोपं आहे. हेमांगी दहा वर्षांची होती, दोंडाईच्याला आजी-आजोबा आणि आई-बाबांबरोबर राहत होती आणि त्या दिवशी काय चाललंय हे घरातल्या मोठ्यांना जेवढं कळत होतं, तेवढंच तिलाही कळत होतं. म्हणजे काहीच नाही.

ज्येष्ठात अधिक महिना आला होता. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना. त्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. हेमांगीची पुनम आत्या लग्नानंतर पहिल्यांदाच धोंड्याला येणार होती. ती जळगावला शाळेत शिकवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निकालपत्रकांमुळे तिला येता आलं नव्हतं. या वेळी तिने फोनवर सांगितलं होतं, "यांचा मान नीट झाला, हे खूश राहिले, तर यांना एकट्याला परत पाठवते आणि मी आठ दिवस राहते."

आठ दिवस! हेमांगीला त्या आठ दिवसांत सायकल शिकायची होती. बाबांकडून शिकून पाहून झालं होतं. पण बाबा मागून सीट सोडताना "सोडलं हां" असं सांगायचे आणि सांगितलं की हेमांगी पडायची. आत्या न सांगता सोडते, अशी तिची ख्याती होती.

तेव्हा सगळं अडलं होतं ते दीपक फुवांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, खूश राहण्यावर. आणि फुवा खूश आहेत की नाही, हे ओळखायची काही सोयच नव्हती. माणूस भला, पण भारी अबोल. चहा देऊ? "चालेल." पंखा लावू? "चालेल." बंद करू? "चालेल." लग्नात त्यांना फेटा डोळ्यांवर येईल इतका मोठा झाला होता, तेव्हाही ते "चालेल" म्हणाले होते आणि निम्मं लग्न त्यांनी ऐकूनच पार पाडलं होतं.

सकाळी आजीने, म्हणजे ताईबाईंनी, मोठी पितळी परात हेमांगीच्या पुढ्यात ठेवली. आदल्या दिवशी तिच्यात वर्षाचं तिखट कालवलं होतं. कांडपावरून आणलेली लालभडक पूड, तिला तेल-मिठाचा हात लावून बरण्या भरल्या होत्या.

"घास बरं बेटा, लख्ख. आज हिच्यात जवाईबापूस्ना पाय धुना शेत."

"साबण कुठंय आजी?"

"साबण?" आजीने कानाला हात लावला. "पूजानी परातले साबण लावो नही! चिच लाव आन् राख लाव."

राख तर गॅसच्या घरात मिळाली नाही. पण चिंच होती. हेमांगीने अर्धा तास परात चिंचेने घासली, पाण्याने विसळली, फडक्याने पुसली. परात अशी काही झळकली की तिच्यात तिला आपले दात मोजता आले. आजीने ती उन्हात धरून पाहिली आणि तिच्यावर आलेल्या लालीकडे बघत ती म्हणाली, "काय लाली उनी दख! तांबानी वाटस."

अकराच्या सुमाराला आत्या आणि फुवा स्टेशनवरून आले. फुवांच्या पायात नवेकोरे बूट होते. ते काढून ठेवेपर्यंत अंगणात पाट मांडला गेला. नानांनी, म्हणजे आजोबांनी, एका हाताने परात सावरत पाणी घातलं, आजीने पाय चोळले, कोरा नॅपकिन काढून पुसले, कुंकवाचं बोट लावलं. सगळं कसं पोथीतल्यासारखं. आणि एवढ्यात नानांनी डोळ्याला हात लावला मात्र, त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

झुलाल नाना म्हणजे सबंध आयुष्य मिरचीच्या शेतीत काढलेला, हाताची कातडी चपलेसारखी झालेला माणूस. त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. ते पाहून आजीला भरून आलं. आजीला पाहून आत्याला भरून आलं. आई पदराला डोळे पुसू लागली.

"नाना, आता काय," बाबा म्हणजे प्रेमराज म्हणाले, "लेक सुखात आहे."

"ते बठ्ठं खरं," नाना डोळे चोळत म्हणाले आणि चोळल्यामुळे अजूनच रडले. "पन माले काय व्हई ऱ्हायनं, माले बी समजत नही!"

हेमांगीला वाटलं, माया म्हणतात ती हीच असणार.

पंगत बसली. ताटात धोंडे, वर तुपाची धार, बाजूला झणझणीत आमटी. फुवांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा उजवा पाय डाव्या पायावर घासला गेला. दुसरा घास घेतला आणि डावा पाय उजव्यावर. मग त्यांनी मांडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. चौथ्या घासाला त्यांचा हात ताटातच थांबला आणि नजर अंगणाकडे लागली. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याचा हौद होता. काठोकाठ भरलेला, गार, हिरवट सावलीतला हौद. फुवा त्याच्याकडे असे पाहत राहिले, जसं तहानलेलं वासरू पाहील.

आता गंमत अशी, की हौदाला टेकून बाबांची मोटरसायकल उभी होती. आखाजीला घेतलेली, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून न काढलेली.

नाना कुजबुजले, "प्रेमराज, जवाई गाडी दखी ऱ्हायनात."

"माझी गाडी? बघू द्या की. बघायला काय जातंय?"

"जेवत नहीत. धुरपदाबाईना जवाई आठवस का? नरडानावाला?"

शेजारच्या धुरपदाबाईंचा तो नरडाण्याचा जावई सगळ्या गल्लीला आठवत होता. मागच्या धोंड्याला तो ताटावरून उठला होता. का, तर त्याला मनगटी घड्याळ हवं होतं आणि मिळाली होती टोपी. ते घड्याळ येईपर्यंत तो दारातल्या दगडावर बसून राहिला होता आणि जाणारा-येणारा विचारत होता, की पाहुणे इथे का बसलेत.

"नाना, दीपकराव तसे नाहीत," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा पातळ झाला होता.

इकडे फुवांच्या कपाळावर घाम जमला होता. नानांनी मनाशी काहीतरी ठरवलं, उठले, खुंटीवरची किल्ली काढली, तिला हळद-कुंकू लावलं आणि विड्याच्या पानावर ठेवून फुवांसमोर धरली.

"जवाईबापू, तुम्ही तोंडथून मांगत नहीत, पन आम्हले समजस. गाडी आजपासून तुमनी."

फुवांचं सगळं लक्ष तळपायात होतं. सासरे काहीतरी देताहेत एवढंच त्यांना दिसलं.

"चालेल," ते म्हणाले.

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

"अहो!" आत्या नवऱ्याच्या कानात ओरडली. "चालेल काय? दादाची गाडी आहे ती!"

फुवांनी तिच्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, पुन्हा हौदाकडे पाहिलं. आणि मग त्यांच्याने राहवेना. ते भरल्या ताटावरून उठले, चार ढांगांत अंगण ओलांडलं, मोटरसायकलला वळसा घातला आणि पँट वर न करताच दोन्ही पाय हौदात सोडून काठावर बसले. "हाऽऽ" असा त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो त्यांच्या तोंडून निघालेला त्या दिवसातला सगळ्यात मोठा उद्गार होता.

"वापरना पानीमा पाय!" आजी किंचाळली. दोंडाईच्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. तो हौद म्हणजे सगळ्या घराची शिदोरी. पण जावयाला ओरडायचं कसं? म्हणून ती नानांवर ओरडली. "तुम्ही दखतस काय? त्यास्ले बाहेर काढा!"

"पायांची आग होतेय," फुवा म्हणाले. "आणि खाज. मघापासून."

बाबांनी किल्ली हळूच उचलून खिशात टाकली.

फुवांना खाटेवर आणून बसवलं. हौदात पाय नकोत म्हणून बाबांनी हौदातलं गार पाणी बादलीने काढलं आणि ते कशात ओतायचं म्हणून मोठी परात पुढे ओढली. घरातली बाकीची सगळी पातेली पुरणात, आमटीत आणि भातात गुंतली होती. फुवांनी पाय परातीत ठेवले. दोन मिनिटं बरं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला ते उडालेच.

"वाढली!"

आता प्रत्येकाला कारण सापडलं. बाबा म्हणाले, "नवे बूट. बुटाच्या रंगाची नाहीतर चिकटवायच्या द्रवाची काहींना ॲलर्जी असते." पण बूट मोजे घालून घातले होते आणि मोज्याच्या वर, घोट्यालाही आग होत होती. आई म्हणाली, "घामाने बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते, तिथे आधी खाज सुटते." तिने वाकून बेचकी पाहिली. कातडी पांढरी पडलेली नाही, सोललेली नाही, चिरलेली नाही. पाय लालबुंद, पण स्वच्छ.

"डायबेटीस!" दारातून आवाज आला. ते समोरचे किराणा दुकानदार दलिचंद शेठ होते. त्यांच्याकडे साखर मोजायचं यंत्र होतं आणि ते मिळाल्यापासून त्यांना गल्लीतला प्रत्येक रोग साखरेचा वाटायचा. गेल्या आठवड्यात त्यांनी पाय मुरगळलेल्या पोस्टमनचीही साखर मोजली होती. "पायांची आग म्हणजे साखर. जावईबापू, बोट द्या."

"चालेल," म्हणून फुवांनी बोट दिलं. आकडा आला एकशे अठरा.

"जेवता जेवता उठलेल्या माणसाला हे ठीकच आहे," आत्या म्हणाली.

दलिचंद शेठांनी यंत्र हलवून पाहिलं. "याचा सेल उतरला वाटतं."

"शेठ, साखरेने पायांची आग होते, हे खरं. बी ट्वेल्व्ह कमी झालं तरी होते," आत्या शाळेतल्या आवाजात म्हणाली. "पण ती हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत जाते. मुंग्या येतात, पाय बधिर होतात. यांचे पाय साडेअकराला चांगले होते आणि बाराला पेटले. अर्ध्या तासात कुणाला डायबेटीस होतो का?"

शेठांनी यंत्र हातात धरून खुर्ची गाठली. ते बसून राहिले.

मग शेजारच्या धुरपदाबाई आल्या, ज्यांचा तो घड्याळवाला जावई. "उष्णता शे, दुसरं काय! काशानी वाटी आना. तूप लाईसन तळपाय घासा."

हे मात्र भारी निघालं. पाय पुसून, तूप लावून आजीने काशाची वाटी तळव्यांवरून फिरवली. वाटी फिरता फिरता तूप काळं झालं, आणि फुवांचा चेहरा हळूहळू सैल पडला. "कमी होतंय," ते म्हणाले. सगळ्यांनी श्वास सोडला. धुरपदाबाईंनी दलिचंद शेठांकडे असं पाहिलं, की शेठ यंत्र खिशात घालू लागले.

"आते हाई तूप धोई टाका," धुरपदाबाई म्हणाल्या. "निस्त्या गरम पानीथून. पाय पिंडरीपर्यंत धोवा."

आणि मोठ्यात मोठं भांडं कुठलं? परात. गरम पाणी ओतलं, पाय आत गेले, तेच पाणी पोटऱ्यांवरही घातलं. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. फुवा खाटेवर उभे राहिले.

"आता पोटऱ्यांनापण होतेय!"

पाच वेगवेगळी माणसं एकदम बोलू लागली. त्या गोंधळात आत्याच काय ती न ओरडता बोलली. "साडेचारची पॅसेंजर आहे. आम्ही निघतो. जळगावला कातडीच्या डॉक्टरांना दाखवते. एकट्यांना कसं सोडू?"

ती आत गेली आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज हेमांगीने ऐकला. आठ दिवस संपले. सुरू व्हायच्या आधी संपले.

ती परसदाराच्या पायरीवर जाऊन बसली. रडावं की चिडावं, ते तिला ठरवता येईना, म्हणून ती आठवू लागली. पाय धुतले, मग आग. हौदात पाय, मग बरं. गार पाणी, मग वाईट. म्हणजे गार पाण्याने वाईट होतं? छे, हौदातलं पाणीही गारच होतं. तेच होतं. तूप, मग बरं. गरम पाणी, मग वाईट. हौद बरा. खाट बरी. तूप बरं. आणि वाईट झालं ते कुठे कुठे? पाय धुताना. गार पाण्याच्या वेळी. गरम पाण्याच्या वेळी.

तिन्ही वेळा परात.

हेमांगी उठली. मोरीजवळ परात ठेवली होती, पाणी अजून तिच्यातच होतं. वाकून पाहिलं तर पाण्यावर तेलाचे बारीक बारीक डोळे तरंगत होते आणि प्रत्येक डोळ्याला केशरी कड होती. तिने चप्पल काढली आणि डावा पाय आत ठेवला. उजवा बाहेर, कोरडा. मनात शंभर मोजले. साठापर्यंत काही नाही. सत्तरला चुणचुण. नव्वदला तिने ओठ दाताखाली धरला. उजवा पाय मजेत होता.

तिखट! तेलात कालवलेलं कालचं तिखट. चिंचेने पितळ उजळलं, पण तेल थोडंच निघतंय? ते तसंच पातळ थराने चिकटून राहिलं, आणि पाणी पडलं की सुटून पायांना लागलं. नुसतं पाणी ते धुऊन काढत नाही, पसरवतं. तुपात मात्र ते विरघळतं, म्हणून तर वाटीने बरं वाटलं. तिखटाला हात सरावलेली आजीसुद्धा ते कालवल्यावर हाताला तेल चोळते आणि मग साबण लावते, हे हेमांगीने किती वेळा पाहिलं होतं! नानांना माया दाटून आली नव्हती. नानांनी डोळ्याला हात लावला होता.

आणि परात घासली होती कुणी? हेमांगीने.

एवढं कळल्यावर पाय जास्तच पोळायला लागला. ती लंगडत फुवांच्या खाटेपाशी गेली. बाकीचे सगळे ओट्यावर, रिक्षा कोण बोलावणार यावर वाद घालत होते. तिने फुवांच्या कानात सगळं सांगून टाकलं. परात, तिखट, चिंच, शंभर अंक.

फुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि मोठ्याने म्हणाले, "मी जरा मोरीत जाऊन येतो."

मोरीत दोघांनी मिळून काम उरकलं. आधी गोडेतेल भरपूर चोळलं आणि जुन्या फडक्याने पुसून काढलं. पुन्हा चोळलं, पुन्हा पुसलं. मग अंगाचा साबण लावून धुतलं, दोनदा. फुवांचे दोन पाय आणि हेमांगीचा एक. शेवटी वाटीभर गार दही लेपलं. पंधरा मिनिटांत फुवांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. अर्ध्या तासात ते चक्क हसले.

"आता गाडी पकडता येईल, नाही?" ते म्हणाले.

हेमांगी खाली बघत म्हणाली, "आत्या आठ दिवस राहणार होती, तुमचा मान नीट झाला तर. सायकल शिकवायला."

फुवांनी दह्याने माखलेल्या पायांकडे पाहिलं. आणि मग हा "चालेल"वाला माणूस उठला, एक हात भिंतीला लावला आणि असा काही लंगडत बाहेर गेला, की ओट्यावरचे सगळे त्याला धरायला धावले.

"प्रवास जमणार नाही," फुवा कण्हत म्हणाले. "पाऊल टेकवत नाही. सात-आठ दिवस तरी इथेच पडून राहावं लागेल. पुनमलाही."

"ऱ्हावा ना! काय बिशाद शे कोनी!" नाना म्हणाले. आत्याने बॅग खाली ठेवली. फुवांनी हेमांगीकडे बघून एक डोळा मिटला. हेमांगीला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती पाणी प्यायला गेली.

ती परत येते, तो धुरपदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या काखेत परात होती. पाणी ओतून रिकामी केलेली, उन्हात लखलखणारी.

"ताईबाई, हाई परात मी लई जास वं. सकाळ मना जवाई ई ऱ्हायना. काय चमकस दख! असी परात गल्लीमा कोनाकडेच नही."

"लई जाय ना," आजी म्हणाली.

उद्या येणार तो नरडाण्याचा जावई! टोपी मिळाली म्हणून दगडावर बसणारा. हेमांगीने फुवांकडे पाहिलं. फुवा छताकडे पाहू लागले. बोललं, तर फुवांचं लंगडणं उघडं पडणार, आत्याची बॅग उचलली जाणार, शिवाय परात कुणी घासली ते सगळ्या गल्लीला कळणार. न बोललं, तर उद्या शेजारच्या अंगणात पाट मांडला जाणार. धुरपदाबाई दारापर्यंत पोचल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

हेमांगी धावली, परात दोन्ही हातांनी ओढून घेतली, मोरीत नेली आणि तिच्यावर साबणाची वडी घासायला लागली.

"अगं! पूजानी परातले साबण!" आजी मागोमाग धावली. तिच्यामागे नाना, आई, बाबा, आत्या, धुरपदाबाई आणि यंत्रासकट दलिचंद शेठ.

"हिच्यात तिखट आहे," हेमांगी फेस करत म्हणाली. तिचे हात थांबत नव्हते. "कालचं. चिंचेने निघालं नाही. मीच घासली होती. फुवांचे पाय त्यानेच पेटले, नानांचे डोळेपण. आणि फुवा आता बरे आहेत. ते लंगडत नाहीत. ते माझ्यासाठी लंगडत होते."

मग सगळ्यांनी माना वळवून फुवांकडे पाहिलं. हे सगळं ऐकायला फुवा खाटेवरून उठून मोरीच्या दारापर्यंत आले होते. चालत, सरळ, दोन्ही पायांवर.

नाना आपल्या हातांचा वास घेऊन पाहू लागले. आजी खाली बसली. "सांगनं मीच व्हतं," ती हळूच म्हणाली, "साबण लावो नही म्हनीसन. पोरना काय दोष?"

आत्या मात्र नवऱ्याकडे बघत होती. "म्हणजे साडेचारची गाडी मिळाली असती."

"ती गेली," फुवा म्हणाले. खरंच, स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली होती.

"मग उद्याची."

"उद्या रविवार. उभं राहायला जागा नसते."

"परवा?"

"परवा सोमवार. सोमवारी काय असतं ते मी उद्या सांगतो."

दीपक फुवा एका दमात इतकं बोलल्याचं तिथे कुणाच्याच आठवणीत नव्हतं. नाना आधी हसले. मग बाबा हसले, पण खिशातली किल्ली चाचपून. आत्या खोलीत गेली, आणि बॅगेची चेन पुन्हा वाजली. या वेळी उघडताना.

धुरपदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या परातीकडे संशयाने पाहत होत्या. साबणाने तीनदा धुऊन झाली होती, पण त्यांच्या डोळ्यांपुढे दारातला दगड उभा होता.

"आते हाई साफ शे का, कसं समजनार?" त्यांनी विचारलं. "कोन सांगी? माले खात्री पाह्यजे."

दलिचंद शेठांनी यंत्र बाहेर काढलं आणि उपयोग नाही हे कळून परत ठेवलं.

मग हेमांगीने काय केलं? तिने परातीत तांब्याभर कोमट पाणी ओतलं, ती अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन्ही पाय आत घालून ताठ उभी राहिली.

"धुरपदा आजी," ती म्हणाली, "शंभर मोजा. सावकाश."